तळीरामापासून कारभाऱ्यापर्यंत

मराठी नाटकात नायकाशेजारी उभ्या राहणाऱ्या पात्राला आरंभी स्वतःचे असे काही नव्हते. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेव्हा सारा खेळ सूत्रधाराच्या हाती होता. पदे तो म्हणे, प्रसंग तो जुळवून देई, आणि पात्रे त्या पदांच्या अनुरोधाने आयत्या वेळी सुचेल ते बोलत. विदूषक सूत्रधाराशी थट्टामस्करी करून प्रेक्षकांना हसवी. पुढे निघालेल्या पौराणिक नाटकमंडळ्यांत नटांची विभागणीच देवपार्टी, राक्षसपार्टी आणि स्त्रीपार्टी अशी असे. राक्षसाने आरोळ्या ठोकीत, तलवार फिरवीत यायचे आणि देवाने त्याला मारायचे. राक्षस कोणता, याने फारसे बिघडत नसे. नंतरच्या शिकलेल्या पिढीने या खेळांना 'तागडथोम नाटके' म्हणून हिणवले, पण नायकाचा मित्र, सखी, सेवक, दुष्ट आणि हसवणारा अशी जी पाच-सहा खुंट्यांची रचना या मंडळ्यांनी रुजवली, ती हिणवणाऱ्यांच्या नाटकांतही बराच काळ टिकली.

तमाशाची तऱ्हा वेगळी होती. गण, गवळण, बतावणी, लावणी आणि वग या क्रमात दुय्यम पात्रांना हक्काची जागा होती. गवळणीत कृष्णाइतकाच, किंबहुना त्याच्याहून जास्त, भाव खाऊन जाणारा लंगडा पेंद्या असे, गवळणींची वाट अडवली की तोंड उघडणारी मावशी असे, आणि वगात राजाच्या पदरी शिपाई, हुजऱ्या किंवा हवालदार होऊन वावरणारा सोंगाड्या असे. मावशीचे काम पुरुष करी. सोंगाड्याला राजाला तोंडावर बोलायची मुभा होती आणि त्याचे बोलणे गावच्या पाटलालाही लागत असे. त्याची भाषा जिवंत होती, कारण ती कुणी लिहून दिलेली नव्हती. मात्र वगाच्या गोष्टीत त्याचे स्वतःचे काही अडलेले नसे. राजा जिंकला काय आणि हरला काय, सोंगाड्याचे काही जात नव्हते.

राक्षसपार्टीकडे हेतू होता पण भाषा नव्हती. सोंगाड्याकडे भाषा होती पण हेतू नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच पात्रात आणणे हेच दुय्यम पात्र उभे करण्याचे खरे काम, आणि मराठी लेखकांना ते साधायला पाऊणशे वर्षे लागली.

नमुना हाताशी नव्हता असे नाही. शूद्रकाचे 'मृच्छकटिक' या दृष्टीने आजही अभ्यासावे असे नाटक आहे. चारुदत्त आणि वसंतसेना यांच्या प्रेमकथेत शर्विलक हा चोर येतो तो त्यांच्यासाठी नव्हे. त्याचे मदनिका या दासीवर प्रेम आहे, तिला सोडवायला त्याला पैसा हवा आहे, म्हणून तो नेमका चारुदत्ताचे घर फोडतो. भिंतीला भोक पाडताना हा ब्राह्मण आपले जानवे माप घ्यायला वापरतो आणि चोरीच्या शास्त्राचा अभिमान बाळगतो. जुगारात हरून पळालेला संवाहक पुढे बौद्ध भिक्षू होतो आणि शेवटी मरणाच्या दारातून वसंतसेनेला तोच परत आणतो. राजाचा मेहुणा शकार पुराणातली नावे भलत्यांच्या गळ्यात बांधीत बोलतो. त्याचे अज्ञान हास्यास्पद आहे आणि त्याच्या हातातली सत्ता भयंकर आहे. यांतले प्रत्येक पात्र आपापल्या कामासाठी निघालेले आहे आणि वाटेत मुख्य कथेला धडकते. परशुरामतात्या गोडबोले यांनी हे नाटक मराठीत आणले आणि गोविंद बल्लाळ देवल यांनी त्याला संगीत रंगभूमीचे रूप दिले. देवलांनी नंतर जे स्वतंत्रपणे लिहिले त्यावर या तालमीचा ठसा आहे, असे मानायला जागा आहे.

मधल्या काळात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० मध्ये आणि 'सौभद्र' १८८२ मध्ये आले. 'सौभद्रा'त अर्जुन नायक आणि सुभद्रा नायिका असली, तरी घडते ते सगळे कृष्णाच्या डोक्यातून. बलरामाचा हट्ट, नारदाची लावालावी, रुक्मिणीची चतुराई यांमुळे तो घरगुती कारस्थानाचा खेळ होतो. पण ही पात्रे प्रेक्षकांच्या आधीपासूनच ओळखीची होती. किर्लोस्करांनी त्यांना मराठी घरातली माणसे केली, एवढे श्रेय त्यांचे, आणि ते थोडे नाही.

देवलांचे 'शारदा' हे नाटक १८९९ चे. जरठ-कुमारी विवाहाचा विषय, म्हाताऱ्या भुजंगनाथाशी कोवळ्या शारदेचे लग्न ठरवले जाते, एवढी गोष्ट. (१९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला जे 'शारदा' नाव पडले ते हरबिलास सारडा यांच्यावरून, नाटकाशी त्याची सांगड घातली जाते ती चुकीची.) विषय प्रचाराचा होता, आणि प्रचाराच्या नाटकात दुय्यम पात्रे बहुधा पुतळ्यांसारखी उभी असतात. देवलांनी ते टाळले. लग्न जुळवणारा भद्रेश्वर दीक्षित हा दुष्ट नाही, तो धंदेवाईक आहे. म्हाताऱ्याला तो तरुण ठरवतो, पोरीच्या बापाला पैशाची वाट दाखवतो आणि दोघांकडून आपली दक्षिणा काढतो. बाप कांचनभट लोभी आहे आणि लोभाला शास्त्राधार शोधणारा आहे. आई इंदिराकाकूला सगळे कळते, बोलावेसेही वाटते, आणि घरात तिच्या बोलण्याला किंमत नाही. वल्लरी आणि इतर मैत्रिणी शारदेला चिडवतात तेव्हा त्यांच्या हसण्यातच त्या काळच्या मुलींची भीती आहे. नायक कोदंड या सगळ्यांपुढे फिका पडतो. तो बरोबर बोलतो, पण त्याच्या बोलण्यात व्याख्यान आहे. भद्रेश्वराच्या बोलण्यात मात्र बाजार आहे, आणि नाटक त्याच्यामुळे चालते.

देवलांच्याच 'संशयकल्लोळा'त प्रकार आणखी हलका आहे. मूळ बीज मोलिएरचे, इंग्रजीतून आलेले. देवलांनी पात्रांना महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे दिली: फाल्गुनराव, अश्विनशेठ, कृत्तिका, रेवती, आणि नोकर भादव्या. फाल्गुनरावाचा संशय एकट्याने फुलत नाही. त्याला खतपाणी घालायला कुणीतरी लागते, आणि ते काम भादव्या आपल्या भोळेपणाने, कधी आपल्या आगाऊपणाने करतो.

कादंबरीकडे वळले तर चित्र बराच काळ उदास दिसते. बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटना'त (१८५७) यमुना आणि तिचा नवरा प्रवास करतात आणि वाटेत विधवा भेटतात. प्रत्येक विधवा येते, आपली कहाणी सांगते आणि निघून जाते. त्या कहाण्या खऱ्या वाटतात, पण सांगणाऱ्या बायका एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत. लेखकाला त्या साक्षीदार म्हणून हव्या होत्या. त्यानंतर 'मुक्तामाला' (१८६१), 'मंजुघोषा' (१८६८) अशा अद्भुतरम्य कादंबऱ्या आल्या. त्यांत नायक सर्वगुणसंपन्न, दुष्ट सर्वदुर्गुणसंपन्न, आणि मधले लोक निरोप पोचवण्यापुरते. या कादंबऱ्यांची आज थट्टा होते. वाचकांनी त्या काळी त्या आवडीने वाचल्या हेही लक्षात ठेवले पाहिजे. पण त्यांतले एकही किरकोळ पात्र लोकांच्या बोलण्यात उतरले नाही.

हे बदलले हरिभाऊ आपट्यांपासून. हरिभाऊंनी 'करमणूक' हे साप्ताहिक १८९० मध्ये सुरू केले आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यातच क्रमशः आली. आठवड्याला एक हप्ता या पद्धतीने दुय्यम पात्रांवर मोठा उपकार केला. तीन आठवड्यांनी परत आलेले पात्र वाचकाला चटकन ओळखू यायचे, तर त्याची बोलण्याची ढब, त्याचा खाक्या पक्का असावा लागतो. शिवाय कथा वर्षानुवर्षे चालली की बाजूच्या माणसांनाही वाढायला, बिघडायला, म्हातारे व्हायला वेळ मिळतो.

या कादंबरीतली दुर्गी हे मराठी कादंबरीतले पहिले भक्कम दुय्यम पात्र म्हणायला हरकत नाही. यमू आणि ती लहानपणच्या मैत्रिणी. यमूला शिकलेला, समजूतदार नवरा मिळतो; दुर्गीच्या वाट्याला उनाड, व्यसनी नवरा येतो. लेखकाला हवे असते तर दुर्गी ही यमूच्या सुखाची उलटी बाजू दाखवण्यापुरती राहिली असती. पण दुर्गी तोंडाळ आहे, फटकळ आहे, रडता रडता हसते, आणि तिचे हाल वाचताना यमूची आठवण मागे पडते. दुसरीकडे सासरच्या घरातले शंकरमामंजी. धर्माच्या गप्पा मारणारा, आतून पोखरलेला हा माणूस शेवटी विधवा यमूच्या केशवपनाचा आग्रह धरतो तो केवळ दुष्टपणाने नाही. घरावरची आपली सत्ता त्याला दाखवायची आहे. भद्रेश्वर दीक्षिताप्रमाणेच त्याच्याही वागण्यामागे हिशेब आहे. हरिभाऊंच्या 'उषःकाल' या ऐतिहासिक कादंबरीतला सावळ्या नावाचा चपळ पोरगाही वाचकांच्या लक्षात राहिला, मात्र तिथे साहसाचा भाग जास्त आणि माणूस कमी.

वामन मल्हार जोशी यांच्या 'रागिणी'त (१९१५) पात्रे वादविवादात रमतात. तरीही नायिकेच्या मैत्रिणीच्या, उत्तरेच्या, वाट्याला आलेले स्त्रीस्वातंत्र्याचे विचार इतके ठाम आहेत, की नायिका असलेली रागिणी तिच्यासमोर मवाळ भासते. विचारप्रधान कादंबरीत दुय्यम पात्राला हा एक फायदा असतो: नायिकेला वाचकाची सहानुभूती सांभाळावी लागते, मैत्रिणीला ती अट नसते.

रंगभूमीवर मात्र याच काळात राम गणेश गडकरी आले होते, आणि दुय्यम पात्रांच्या बाबतीत मराठीत त्यांच्याइतका उधळा लेखक झाला नाही. 'प्रेमसंन्यासा'तला विसरभोळा गोकुळ, 'पुण्यप्रभावा'तली नूपुर-कंकणाची मंडळी, 'भावबंधना'तले धुंडिराज आणि कामण्णा, अपुऱ्या राहिलेल्या 'राजसंन्यासा'तला जिवाजी कलमदाने ही यादी सहज वाढवता येते. यांतली बरीच पात्रे एका खोडीवर उभी आहेत. गोकुळ विसरतो, पुन्हा विसरतो आणि पुन्हा विसरतो. ही पद्धत श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या विनोदातून आलेली, आणि तिला कंपन्यांच्या व्यवहाराचाही आधार होता. प्रत्येक नाटक कंपनीत एकदोन नट हसवण्यासाठी नावाजलेले असत. त्यांना काम मिळाले पाहिजे आणि ते रंगमंचावर आले की पिटातून दाद आली पाहिजे, हे नाटककाराने सांभाळायचे असे. कामण्णाचे काम करणारे दिनकर ढेरे पुढे आयुष्यभर 'दिनकर कामण्णा' म्हणूनच ओळखले गेले, यावरून अशा भूमिकांची पकड कळते. मोठ्या नटांनाही या कामांचे वावडे नव्हते. खाडिलकरांच्या 'मानापमाना'त गणपतराव बोडस नायक धैर्यधराऐवजी भित्रा, बढाईखोर लक्ष्मीधर करीत आणि लोक त्यासाठी तिकिटे काढीत.

पण एका खोडीवरची ही पात्रे गडकऱ्यांची खरी कमाई नव्हे. ती कमाई म्हणजे तळीराम. 'एकच प्याला' रंगभूमीवर आले ते फेब्रुवारी १९१९ मध्ये बडोद्याला, गंधर्व नाटक मंडळीकडून. गडकरी त्याआधी महिनाभर, २३ जानेवारीला वारले होते. सिंधूचे काम बालगंधर्वांनी केले, सुधाकराचे बोडसांनी. वकील सुधाकराची सनद काही काळापुरती रद्द होते, अपमानाने तो पेटतो, आणि त्याच क्षणी त्याचा कारकून तळीराम पेला पुढे करतो. इथून शोकांतिका सुरू होते.

तळीराम सोंगाड्याच्या वंशातला आहे हे त्याचे बोलणे ऐकताच कळते. तोच हजरजबाबीपणा, मोठ्यांच्या गोष्टींची तीच उलटापालट. आर्य मदिरा मंडळात दारूच्या बाजूने तो जी तर्कटे लढवतो त्यांना प्रेक्षक पोट धरून हसतात. फरक असा की या हसण्याला किंमत मोजावी लागते. तळीरामाला सोबत हवी आहे. एकट्याने बुडणे त्याला जमत नाही, म्हणून तो मालकाला आपल्या पातळीवर ओढतो. मालक आणि कारकून यांच्यातले अंतर दारूच्या बैठकीत नाहीसे होते, आणि ते नाहीसे व्हावे ही त्याची भूक आहे. त्याची बायको गीता फटकळ आणि धीट आहे. सिंधू सोसते तेच गीता बोलून दाखवते, आणि सोसणाऱ्या नायिकेच्या शेजारी भांडणारी बाई उभी करून गडकऱ्यांनी सिंधूच्या पातिव्रत्याला नकळत एक प्रश्नचिन्ह लावून ठेवले आहे. तळीरामाच्या आजारपणाचा प्रवेशही असाच दुधारी. वैद्य आणि डॉक्टर त्याच्या अंथरुणाशी भांडतात, प्रेक्षक हसतात, आणि माणूस मरतो. त्याच्या मरणाने सुधाकर सावरत नाही. पेला पुढे करणारा गेला तरी पेला राहतो, हे गडकऱ्यांनी कथानकातूनच दाखवले. आज मराठी वर्तमानपत्रे दारुड्याला सरसकट तळीराम म्हणतात. सुधाकराचे नाव त्या अर्थाने कुणी वापरत नाही.

रामलाल, पद्माकर आणि भगीरथ ही याच नाटकातली सज्जन पात्रे मात्र निर्जीव आहेत. गडकऱ्यांना चांगुलपणा लिहिता येत नव्हता असे नाही, पण त्यांनी तो अलंकारिक भाषेत लिहिला, आणि अलंकारांत माणसे एकसारखी दिसू लागतात. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'तल्या (१९०९) रामशास्त्र्याला हा धोका होता. सत्तेच्या लालसेने पेटलेल्या राघोबा-आनंदीबाईंपुढे तो उभा राहतो तेव्हा भाषा नेमकी राहिल्यामुळेच तो निभावतो.

गद्य विनोदात या काळात जोड्या जमू लागल्या. चिं. वि. जोशी बडोद्याला असत, पाली भाषेचे ते अभ्यासक होते. त्यांच्या लेखणीतून चिमणराव आणि गुंड्याभाऊ उतरले. चिमणराव स्वतःच निवेदक आहे, आणि हीच खुबी आहे. भित्रा, मध्यमवर्गीय, आपल्या शहाणपणावर खूश असलेला हा कारकून आपली फजिती सांगतो ती बढाईच्या सुरात, आणि धिप्पाड, आडदांड गुंड्याभाऊ शेजारी असल्याने त्या बढाईचे माप वाचकाला आपोआप मिळते. काऊ, मोरू आणि घरातली इतर मंडळी चिमणरावाला खोटे न ठरवता त्याचा फुगा फोडतात. 'लग्न पाहावे करून' (१९४०) या चित्रपटात दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी ही जोडी केली. दूरदर्शनच्या काळात दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव जितका गाजला तितकाच बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांत धनंजयाला छोटू आणि झुंजारला विजया आहे, पण त्या हजाराहून अधिक पुस्तकांच्या कारखान्यात साथीदाराने प्रश्न विचारायचे आणि नायकाने उत्तरे द्यायची, हे ठरलेले होते.

स्वातंत्र्यानंतर एक विलक्षण गोष्ट घडली. दुय्यम माणसांनी नायकाशिवायच पुस्तकात प्रवेश केला. व्यंकटेश माडगूळकरांचे 'माणदेशी माणसं' १९४९ मध्ये आले. धर्मा रामोशी, झेल्या, रामा मैलकुली, मुलाण्याचा बकस, नामा मास्तर हे लोक एरवीच्या कादंबरीत गावाचा देखावा म्हणून मागे उभे राहिले असते. माडगूळकरांनी प्रत्येकाला काही पाने दिली आणि कथानकाच्या मदतीला पाठवले नाही. पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'ची जातकुळी वेगळी असली तरी प्रेरणा जवळची. त्यातला नारायण हा तर जन्मतःच दुय्यम पात्र. दुसऱ्यांच्या लग्नात राबणारा, खरेदीपासून पंगतीपर्यंत सगळे अंगावर घेणारा, आणि कार्य उरकल्यावर कुणाच्या लक्षातही न राहणारा. पुलंनी त्याला मध्यभागी आणले, पण नायक केले नाही. लग्न दुसऱ्याचेच राहते. रत्नागिरीचा अंतू बर्वा, गिऱ्हाइकांचे कपडे घालून मिरवणारा नामू परीट, पुस्तकी बोलणारा सखाराम गटणे यांच्याही बाबतीत तेच. या पुस्तकाला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नंतर त्याची नक्कल करणाऱ्या व्यक्तिचित्रांचा पूर आला आणि त्यांतल्या बहुतेकांत लकबी उरल्या, माणूस हरवला.

कादंबरीने हा धडा घेतला तो 'बनगरवाडी'त (१९५५). औंध संस्थानातल्या धनगरांच्या एका वाडीत राजाराम सौंदणीकर हा तरुण मास्तर येतो. गोष्ट तोच सांगतो, पण नायकपण हळूहळू त्याच्या हातून निसटते, आणि लेखकाला तेच हवे आहे. म्हातारा कारभारी आधी त्याला जोखतो, मग जवळ करतो, मग गैरसमजाने दूर लोटतो. कारभाऱ्याचे वागणे मास्तरला नेहमी कळतेच असे नाही, म्हणून वाचकालाही ते पूर्ण उलगडत नाही, आणि त्यामुळे कारभारी अधिक खरा वाटतो. आयबू मास्तरच्या आसऱ्याला राहतो. आनंदा रामोशी चोरी करतो आणि ती लपवण्याची त्याला गरज भासत नाही. दादू बालट्या मास्तरच्या वाटेवर काटे पेरतो. शेकूला बैलाची जोडी पुरी करता येत नाही तेव्हा त्याची बायको जू आपल्या खांद्यावर घेते. या माणसांची बोली माणदेशची आहे, पण माडगूळकर तिचे प्रदर्शन मांडत नाहीत. वाक्ये लहान, शब्द मोजके. शेवटी दुष्काळाने वाडी उठून जाते तेव्हा कथा संपते, कारण नायक म्हणावा असा जो कुणी होता तो ती वाडीच होती.

याच सुमारास कोकणात श्री. ना. पेंडसे 'गारंबीचा बापू' (१९५२) लिहीत होते. बापू आणि राधा यांच्याभोवती गारंबी गाव कुजबुजते, आणि अण्णा खोताच्या रूपाने गावाचा अधिकार त्यांच्यासमोर उभा राहतो. 'तुंबाडचे खोत' (१९८७) या त्यांच्या दोन खंडांच्या कादंबरीत पिढ्यान्‌पिढ्यांची इतकी माणसे आहेत की मुख्य कोण आणि दुय्यम कोण हे प्रत्येक पिढीबरोबर बदलते. उद्धव शेळके यांच्या 'धग'मध्ये (१९६०) वऱ्हाडी बोलीतल्या संसारात कौतिक झुंजते. तिचा नवरा महादेव आळशी, हेकट, आणि तरीही कीव यावी असा आहे. अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा'त (१९५९) गावाचा कुलकर्णी असूनही मांगवाड्याच्या बाजूने उभा राहणारा विष्णुपंत हे लेखकाच्या न्यायबुद्धीचे उदाहरण आहे. ज्या वर्गाशी लढाई आहे त्या वर्गातल्या एका माणसाला त्यांनी पूर्ण माणूस म्हणून लिहिले. द. मा. मिरासदारांच्या भोकरवाडीत नाना चेंगट, बाबू पैलवान, शिवा जमदाडे, गणामास्तर ही टोळी कथेमागून कथेत येत राहते, आणि नायकाची कुणाला आठवणही होत नाही. सोंगाड्याचे नशीबही या काळात फळफळले. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मधून दादा कोंडके गाजले, आणि १९७१ मध्ये त्यांच्या चित्रपटाचे नावच 'सोंगाड्या' होते.

पुराणकथांकडे पाहण्याची दृष्टीही बदलली होती. 'ययाती'त (१९५९) वि. स. खांडेकरांनी निवेदन ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्यात वाटले. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) कर्णाच्या जोडीला कुंती, दुर्योधन आणि कृष्ण बोलतातच, पण त्याची पत्नी वृषाली आणि भाऊ शोणही बोलतात. महाभारतात ज्यांना जवळजवळ आवाज नाही अशा दोघांना कर्णाच्या गोष्टीतला मोठा वाटा मिळाला. सावंतांची भाषा सगळ्यांच्या तोंडी सारखीच भरजरी आहे, त्यामुळे दृष्टिकोन बदलला तरी आवाज बदलत नाही, ही उणीव मान्य करावी लागते. 'कोसला'ने (१९६३) याच्या उलट वाट धरली होती. पांडुरंग सांगवीकराच्या सांगण्यात वसतिगृहातली मुले, गावातला गिरधर, धाकटी बहीण मनी येतात आणि जातात. कुणाचा शेवट सांगितला जातो, कुणाचा नाही. मनीचा मृत्यू कादंबरीच्या मधोमध येतो आणि तिथून पुढे पांडुरंगाचे सगळे बोलणे वेगळे ऐकू येऊ लागते.

नाटकात विजय तेंडुलकरांनी दुय्यम पात्रांना एकत्र बांधून त्यांचा जमाव केला. 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) मध्ये खेडेगावच्या सभागृहात नाटकवाली मंडळी वेळ घालवायला खोटा खटला भरतात. आरोपी बेणारे. वकील सुखात्मे चालत नसलेल्या वकिलीचा, पोंक्षे शास्त्रज्ञ होता न आल्याचा, काशीकर दांपत्य समाजसेवेच्या पडद्याआडच्या रितेपणाचा सूड त्या एका बाईवर उगवतात. काशीकरांनी पोसलेला रोकडे दडपलेला आहे, म्हणून संधी मिळताच तोही चावतो. प्रत्येकाची क्रूरता त्याच्या अपयशाच्या मापाची आहे. साधासुधा सामंत, ज्याला यातले काहीच ठाऊक नाही, वाचून पाठ झालेल्या कादंबरीतला प्रसंग साक्ष म्हणून सांगतो आणि घाव वर्मी बसतो. ज्याच्यामुळे हे सगळे घडले तो प्रोफेसर दामले मात्र रंगमंचावर येतच नाही. त्याची रिकामी खुर्ची ही मराठी नाटकातली सर्वांत बोलकी अनुपस्थित भूमिका आहे. पाच वर्षांनी 'घाशीराम कोतवाला'त तेंडुलकरांनी ब्राह्मणांची एक रांगच उभी केली. ती कधी भिंत होते, कधी गर्दी, कधी कीर्तनाचा साथीदार, आणि घाशीरामापेक्षा पुण्याची गोष्ट तीच जास्त सांगते. शिरवाडकरांच्या 'नटसम्राटा'त (१९७०) जुनी पद्धत टिकून आहे. नोकर विठोबा आणि बूटपॉलिशवाला राजा हे नायक बेलवलकरांचे दुःख ऐकण्यासाठी आहेत. पत्नी कावेरी तेवढी त्यांना थांबवू शकते.

सतीश आळेकरांचे 'बेगम बर्वे' १९७९ मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमीने रंगभूमीवर आणले. त्यातला बर्वे हा संगीत नाटक कंपनीत किरकोळ स्त्रीभूमिका करून म्हातारा झालेला नट आहे. आता तो उदबत्त्या विकतो, श्यामरावाच्या मुठीत राहतो, आणि स्वप्नात बालगंधर्वांच्या नायिका जगतो. जावडेकर आणि बावडेकर हे दोन कारकून त्याच्या स्वप्नात शिरतात आणि त्यांची स्वप्ने त्याच्या स्वप्नात मिसळतात. संगीत रंगभूमीवर ज्याच्या वाट्याला कधी नायिका आली नाही, त्याच्या नावाचे हे नाटक मराठीतल्या श्रेष्ठ नाटकांत गणले जाते.